मदत हवी आहे : वरच्या मजल्यावरचं घर, तापलेला स्लॅब आणि एसी नको म्हणणाऱ्या सासूबाई

अकोल्यात आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, डोक्यावर थेट गच्ची. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, त्यात नवल नाही. दुपार कूलर लावून, पडदे ओढून निभते. हाल होतात ते रात्री. परवा साडेनऊला स्टुलावर चढून छताला तळहात लावला, तर भाकरी करून अर्धा तास झालेल्या तव्यासारखं गरम! बाहेर बरं वारं सुटलेलं आणि आत पंखा छताचीच धग खाली ढकलतोय.

सासूबाई ७८ वर्षांच्या. एसीच्या गारव्यात गुडघे धरतात, म्हणून एसी नको. (विजेच्या बिलाची धास्ती माझी, ती त्यांच्या नावावर खपवत नाही.)

गेल्या एप्रिलमध्ये गच्चीला नुसता चुना मारला. फरक नक्की पडला, पण आठ दिवसांत भुकटी सुटली. कुरडया वाळत घालायला गेलेल्यांची पांढरी पावलं जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, जणू गौरीच आल्या! शेजारच्या काकू अजून ऐकवतात.

आता गवंडी म्हणतो, पांढऱ्या टाइलांच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करा. पण गच्ची सामाईक, आणि खालच्यांना झळ लागत नाही, मग पैसे कोण काढणार? दीर म्हणतात हिरवी नेट बांधा. चुनाच टिकवायचा काही उपाय आहे का?

दुसरं, सासूबाईंच्या खोलीत कूलर ठेवला की मध्यरात्रीनंतर चिकचिक होते, चादरसुद्धा दमट लागते. कूलर बिघडलाय का?

प्रतिसाद १

कूलर ठणठणीत असेल, खोली बंद असेल. कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावलं की तीच ओली हवा फिरत राहते. तो खिडकीबाहेर स्टँडवर बसवा, कोरडी हवा बाहेरून ओढू दे, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. मध्यरात्रीनंतर पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. गवत यंदा बदललंत ना? आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

प्रतिसाद २

चुना रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, त्यात फेविकॉल घाला. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच संध्याकाळी पहिला हात मारा, दुसरा दुसऱ्या दिवशी. भर उन्हात मारलात तर तो पकडायच्या आधीच वाळतो, मग भुकटी होणारच. पावसाळ्यात बराचसा धुऊन जाईल, दरवर्षीचं काम समजा. नेट बांधलीत तर स्लॅबपासून चांगली उंच बांधा, खालून वारा खेळला पाहिजे. आणि सकाळी आठ-साडेआठला खिडक्या बंद, रात्री सगळ्या सताड उघड्या.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार! कूलर इतके दिवस खोलीतच होता, दार लावून. काल मुलाने खिडकीबाहेर बसवला, चादर कोरडी राहिली. चुन्याचे दोन हात झाले, हाताला भुकटी लागत नाही. काल नऊला पुन्हा स्टुलावर चढले. छत गरम आहे, पण हात टेकवून ठेवता आला. दुपारी मात्र गच्चीवर डोळे दिपतात, त्यामुळे सासूबाई कुरडयांवर राखणीला छत्री आणि माझा गॉगल घेऊन बसतात. नेट बांधायला भिंतीला भोकं पाडायची नाहीत. पाण्याच्या टाकीच्या खांबांना बांधली तर वादळात तग धरेल का?