मॉरिशस: माहेबूर या जुन्या ऊस-बंदरात दोन मुक्काम कसे बसवावेत?

ऊसकरी_वाळवा: ऑगस्टअखेरीस आम्ही चौघे मॉरिशसला जातोय. आई ६८ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास. टूरवाले सरसकट उत्तरेकडच्या बीचवर ठेवतात. आम्हाला दक्षिण-पूर्वेचं माहेबूर आणि ऊसमळ्यांचा इतिहास बघायचाय. दोन मुक्काम पुरतील का? चालू गाळप दिसेल का? आपल्या भागातून गेलेल्या मजुरांच्या नोंदी कुठे मिळतात? घरचे सगळे शाकाहारी आहेत.

कराडकर: दादा, वेळ छान निवडलीय. तिथला हंगाम आपल्या उलट, साधारण जून ते डिसेंबर. तुमच्या कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत परत याल आणि तिथली तोडही बघायला मिळेल. मात्र चालू कारखान्यात सहज प्रवेश मिळेल असं धरू नका. एकोणिसाव्या शतकात बेटभर शेकडो गिरण्या होत्या, आज तीनच गाळप करतात. बाकीच्यांच्या काळ्या दगडी चिमण्या उसातून डोकं वर काढून उभ्या दिसतात.

माहेबूर विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आतबाहेर आहे, म्हणून दोन मुक्काम पहिले किंवा शेवटचे ठेवा. त्यात सोमवार आलाच पाहिजे, कारण मोठा बाजार त्याच दिवशी. सकाळी आठ-नऊला पोचा, दुपारनंतर तो विरळ होतो. राष्ट्रीय इतिहास संग्रहालयही सोमवारीच उरका, मंगळवार धरू नका. १८१० च्या ग्रँड पोर्टच्या लढाईनंतर फ्रेंच दुपेरे आणि इंग्रज विलोबी या दोन्ही जखमी सेनानींवर संग्रहालयाच्या याच वाड्यात उपचार झाले. पुढं कॅव्हेंडिश पूल ओलांडला की व्हिल न्वार ही वस्ती. तिथं १८७० पासून मॅनिओकची, म्हणजे साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याची, बिस्किटं करणारा कारखाना आहे.

शेतकऱ्यानं एक गोष्ट आवर्जून बघावी: उसाच्या रानातले काळ्या दगडांचे ढीग, काही तर पार माणसाच्या डोक्यावर गेलेले. जमीन ज्वालामुखीची, दगड पेरल्यासारखी. मळा उभा करण्याआधी गुलामांनी आणि नंतर करारबद्ध मजुरांनी ते हातानं वेचून रचले. मला विचाराल तर अख्ख्या बेटावर त्यांच्या कष्टाचं याहून खरं स्मारक नाही.

कोयनाकाठ: एक पूर्ण दिवस राजधानी पोर्ट लुई आणि तिच्या उत्तरेच्या पाम्प्लेमूस गावाला द्या, पण रविवार सोडून, कारण त्या दिवशी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे मजुरांना उतरवायचा जुना तळ, बंद. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली. मळेवाल्यांनी त्याच्या आदल्या वर्षापासूनच हिंदुस्थानातून मजूर आणायला सुरुवात केली होती. साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. जहाजातून उतरून सोळा दगडी पायऱ्या चढायच्या, दोन दिवस तळावर राहायचं, मग मळ्यावर रवानगी. त्या पायऱ्या आजही आहेत. आईंनी खालूनच बघितल्या तरी चालेल.

बसनं जाणार असाल तर इथं हमखास घोळ होतो. माहेबूरची बस व्हिक्टोरिया स्थानकात थांबते, पाम्प्लेमूसची सुटते इमिग्रेशन स्क्वेअरवरून. दोन्ही शहराच्या दोन टोकांना. घाट मात्र इमिग्रेशन स्क्वेअरला लागूनच, म्हणून आधी घाट, मग पुढची बस. संध्याकाळी सहानंतर बसच्या भरवशावर राहू नका. आई बरोबर आहेत, तेव्हा त्या एका दिवसासाठी गाडी ठरवा.

पाम्प्लेमूसजवळ बो प्लाँचा कारखाना १९९९ ला बंद पडला, आता तिथं साखरेचं संग्रहालय आहे. अडीच तास हाताशी ठेवा. जुनी यंत्रं जागेवरच आहेत आणि शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. त्यातली सगळ्यात काळी, चिकट मस्कोवाडो तोंडात टाकली की काकवीचाच वास येतो.

नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, आधी पत्रव्यवहार करून जा. नुसत्या आडनावावर काही हाती लागत नाही. जहाज, साल किंवा मजुराचा क्रमांक लागतो. रजिस्टरात नाव, बापाचं नाव, जात, गाव आणि जिल्हा असतो, पण गावाचं नाव कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलेलं, त्यामुळं चार प्रकारे शोधावं लागतं. फोटो काढणं १८६० च्या दशकात सुरू झालं, त्याआधी आलेल्यांचे नाहीत.

मिरजवाली: खाण्याची चिंता नको. बाजारात ढोल पुरी मागा: आत वाटलेली हरभऱ्याची डाळ, वर वालासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची भाजी आणि मिरची. पुरणपोळीतला गूळ काढून टाकला तर जे उरेल तेच. शिवाय गातो पिमाँ, म्हणजे आपला डाळवडाच. मांसाचं सारण नको हे आधीच सांगा, कारण फराटा, म्हणजे तिथला पराठा, बऱ्याचदा तसा देतात.

बेण्याचा मोह टाळा. ऊस किंवा उसाचा कुठलाही भाग तिथं न्यायला बंदी आहे. परत येताना कांडी आणायचं तर विचारही नको, परवान्याशिवाय इकडंही चालत नाही. आईंच्या गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. झोपेच्या किंवा जोरदार वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथं फार कडक आहेत.

ऊसकरी_वाळवा: मनापासून आभार. ऑगस्टात पाऊस किती? व्हिसाचं काय?

कराडकर: पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि ऑनलाइन भरलेला प्रवास-फॉर्म जवळ ठेवा. पाऊस आपल्यासारखा लागून राहत नाही, सर येते नि जाते. त्रास वाऱ्याचा. माहेबूर वाऱ्याच्या तोंडाला आहे आणि तेव्हा तिथं हिवाळा, संध्याकाळी आईंना स्वेटर लागेलच. माहेबूरजवळच्या ब्लू बे किनाऱ्यावरची काचेच्या तळाची होडी सकाळच्या वेळेतच करा. सॉकेट इंग्रजी पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. अडॅप्टर इथूनच घेऊन जा.