मदत हवी आहे : कारऐवजी ई-सायकल, पण पावसाळ्यात?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीहून गोकुळ शिरगाव एमआयडीसीपर्यंत मी रोज एकटाच कारने जातो. ते थांबवून परवाना व नोंदणी न लागणारी, २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची आणि ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादेची ई-सायकल घेण्याचा माझा मनापासून विचार आहे. मित्राची अशी ई-सायकल नेऊन पाहिली. उजळाईवाडीकडचा चढ दप्तराच्या ओझ्यासह सहज पार झाला. मात्र सर्व्हिस रोडवर साचलेले पाणी मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे थेट मोटरपर्यंत येते. पार्किंगमध्ये प्लग नसल्याने बॅटरी काढून घरात नेता येणे आवश्यक आहे. बॅटरी न निघणारी ई-स्कूटर त्यामुळेच बाद झाली. भर पावसाळ्यात अशी सायकल रोज वापरणाऱ्यांची मोटर व वायरींचे जोड टिकले का, आणि बिघाड झाल्यास कोल्हापुरातच दुरुस्ती होते का?