मदत हवी आहे: छोट्या संस्थेसाठी जाणकार स्वयंसेवक कसे मागावेत?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आमची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे. दिवाळीच्या आगेमागे इथली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मुलांनी आजी-आजोबांजवळ राहावं, फडावर जाऊन शाळा सुटू नये, यासाठी आम्ही संध्याकाळची अभ्यासिका आणि रात्रीचं जेवण चालवतो. जी मुलं आईवडिलांबरोबर गेलीच, त्यांचा फोनवरून पाठपुरावा करतो.

मदतीला माणसं येत नाहीत असं नाही. वाढदिवसाला वह्या वाटायला, मुलांना खाऊ द्यायला बरीच मंडळी येतात आणि मुलांनाही त्याचं अप्रूप असतं. आमचं अडतंय ते कागदावर. एकाच मुलीचं नाव शाळेच्या पटावर एक, आधारवर दुसरं आणि आमच्या वहीत घरी मारतात ती हाक. आईवडिलांची टोळी जानेवारीत दुसऱ्या कारखान्यावर गेली की तिची नोंद तिसऱ्याच वहीत जाते. हंगाम संपल्यावर किती मुलं शाळेत टिकली, हे सांगायला सगळ्या वह्या सतरंजीवर मांडून बसावं लागतं. देणगीदार नेमकं तेच विचारतात.

दुसरी अडचण हिशेबाची. ऑडिट वेळेवर होतं, पण ८०जीच्या (देणगीवर आयकर सवलत घेणाऱ्या) देणगीदारांची यादी आयकर खात्याच्या १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरायची म्हटली की पॅन क्रमांक गोळा करण्यापासून तयारी. हे वर्षभर नीट कसं ठेवायचं, ते शिकवणारं कुणी हवं आहे.

‘स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरवला. फोन आले, आपुलकीनं आले. पण ‘मी नक्की काय करू?’ या प्रश्नापाशी बोलणं थांबलं. म्हणून तुम्हाला विचारते:

नोकरी करणाऱ्या माणसाकडे किती वेळ मागणं रास्त? कंपन्यांकडे जायचं तर कोणाला भेटायचं? आणि फुकट काम करणाऱ्याला ‘हे आम्हाला वापरता येत नाही’ असं सांगायचं कसं?

प्रतिसाद

ताई, मी मूळचा केजचा, पुण्यात आयटीत आहे. जमेल तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे कुणी कितीही आग्रह केला तरी ॲप बनवून घेऊ नका. बनवणारा नोकरी बदलतो, परदेशी जातो, आणि पुढच्या हंगामात ते उघडेनासं झालं की दुरुस्त करायला कुणी नसतं. तुमच्या कार्यकर्त्यांना स्वतः हाताळता येईल अशी साधी एक्सेल शीट मागा. प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या, तो कधीच बदलायचा नाही. नावं कितीही वेगवेगळी लिहिली गेली तरी क्रमांकावरून मूल सापडतं. टोळी हलली की फक्त ‘सध्या कुठे’ हा रकाना बदलायचा, पण बदलल्याची तारीख टाकून.

वेळेचं म्हणाल तर सहा महिने मागू नका, आधी दोन तास मागा. ‘आमच्या वह्यांचे फोटो पाठवतो, मांडणी कशी करावी ते फोनवर सांगा.’ ज्याला त्यात गोडी वाटेल तो पुढचं आपणहून विचारेल. तुमच्या बाजूनं उत्तरं द्यायला मात्र एकच माणूस ठेवा, निर्णय घेऊ शकणारा. तीन जणांकडून तीन उत्तरं आली की शहरातला माणूस कंटाळतो.

‘वापरता येत नाही’ हे सांगायची वेळ शेवटी येऊ देऊ नका. अर्धं झालं की दहा मुलांच्या नोंदी तुमच्या कार्यकर्त्यांकडूनच भरून घ्यायच्या, करणाऱ्याच्या समोर. अडतंय कुठे ते त्याला आपसूक दिसतं.

कंपन्यांबाबत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सीएसआर (सामाजिक कामांवरचा खर्च) लागू आहे, त्यांना कर्मचाऱ्यांच्या फुकट सेवेची किंमत लावून ती त्या खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे निधीचा अर्ज आणि माणसांची मागणी एका पत्रात घालू नका. माणसांसाठी कर्मचारी स्वयंसेवा बघणाऱ्याला गाठा, बहुतेक ठिकाणी ते एचआरकडे असतं. टाटा समूहाचा प्रोएंगेज उपक्रम याच धर्तीचा आहे: कर्मचारी नोकरी सांभाळून काही महिने संस्थेचं ठरलेलं काम करतात. मुंबईचं कनेक्टफॉरही संस्था आणि स्वयंसेवक यांची गाठ घालून देतं. कुठेही गेलात तरी काम लिहूनच न्यावं लागतं.

सीएला जुलै ते ऑक्टोबर अजिबात विचारू नका, रिटर्न आणि ऑडिटची धावपळ असते. डिसेंबरात विचारा, म्हणजे मेच्या आधी हाताशी वेळ राहतो.

आणि पुण्यात आपल्या जिल्ह्याची किती पोरं आहेत! त्यातल्या कित्येकांचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेले आहेत. त्यांना हा विषय समजावून सांगावा लागणार नाही. आधी त्यांना हाक मारा.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. वह्यांचे फोटो पाठवताना मात्र मुलांची नावं, आधार क्रमांक आणि फोन झाका. मांडणी ठरवायला खऱ्या नोंदी लागत नाहीत. टायपिंगसाठी तालुक्याच्या कॉलेजचं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) बघा. त्या मुलांना वर्षाला १२० तास सेवा करायची असते. पण ते काम संस्थेच्या कार्यालयातच, तुमच्या देखत होऊ द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. कार्यकर्त्यांबरोबर बसून आवाहन नव्यानं लिहिलं आहे:

‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या नोंदी सध्या वह्यांत आहेत. त्या एका एक्सेल शीटमध्ये कशा मांडाव्यात, हे ठरवायला एक्सेल चांगलं येणारी एक व्यक्ती हवी. दोन तास, फोनवर, तुमच्या सोयीच्या रविवारी. गावी येण्याची गरज नाही. नमुन्याची पानं आधी पाठवू. आमच्या बाजूनं अभ्यासिकेच्या प्रमुख ताई बोलतील. मांडणी पसंत पडली तर दिवाळीआधी दोन कार्यकर्त्यांना ती वापरायला शिकवावी, अशी पुढची विनंती राहील.’

सीएसाठीचं आवाहन वेगळं काढून डिसेंबरात टाकू. यात काही मोघम वाटत असेल तर जरूर सांगा, शनिवारी पुण्यातल्या मंडळींना पाठवायचं आहे.