मदत हवी आहे: चार्टिस्ट हरले की जिंकले, मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

मी नववीला इतिहास शिकवते. अभ्यासक्रमाबाहेरचा विषय म्हणून ब्रिटनमधल्या चार्टिस्ट चळवळीवर दोन तास घेतले. 1832 च्या निवडणूक सुधारणा कायद्याने मँचेस्टरला खासदार मिळाले, पण शहरात मत कोणाला? वर्षाला 10 पौंड भाडं येईल अशा घरात राहणाऱ्या पुरुषाला. गिरणी कामगार बहुतेक बाहेरच. म्हणून 1838 ची सनद (इंग्रजीत ‘चार्टर’, त्यावरून चार्टिस्ट): सर्व सज्ञान पुरुषांना मत, गुप्त मतदान, समान मतदारसंघ, खासदारांना पगार, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट नको, दरवर्षी निवडणूक.

1839 मध्ये 12 लाखांवर सह्यांचा अर्ज संसदेने धुडकावला. त्याच वर्षी वेल्समधल्या न्यूपोर्टला चार्टिस्टांच्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, वीसेक माणसं गेली. 1842 मध्ये 33 लाख सह्या, पुन्हा नकार. 1848 ला केनिंग्टन मैदानावर सभा, तिसरा अर्ज, आणि सह्या खोट्या म्हणून हेटाळणी.

यावर एका मुलीने विचारलं, "बाई, मग एवढ्या सह्यांचा उपयोग काय झाला?" मी जे उत्तर दिलं ते माझं मलाच पटलं नाही. सहापैकी पाच मागण्या पुढे मान्य झाल्या हे मला ठाऊक आहे, पण मधला दुवा मला नीट सांगता येत नाही. आणि बायकांचं काय, हाही प्रश्न येणारच. कुणी मदत कराल का?

प्रतिसाद:

बाई, दुवा माणसांचा आहे. सभा भरवायला, वर्गणी गोळा करायला, गावोगाव भाषणं करायला शिकलेली माणसं 1848 नंतर घरी बसली नाहीत. अर्नेस्ट जोन्ससारखे जुने चार्टिस्ट 1865 च्या रिफॉर्म लीगमध्ये, म्हणजे कामगारांना मत मागणाऱ्या संघटनेत होते. 1866 ला सरकारने लीगची लंडनच्या हाइड पार्कमधली सभा रोखली, तेव्हा जमावाने कुंपणाचे गजच उखडले. वर्षभरात, 1867 ला, शहरी कामगारांच्या मोठ्या हिश्शाला मत मिळालं. 1872 ला गुप्त मतदान, 1911 ला खासदारांना पगार. मालमत्तेची अट तर 1858 लाच गेली होती. सज्ञान पुरुष सगळे यायला मात्र 1918 उजाडलं. दरवर्षीची निवडणूक कधीच आली नाही.

बायकांचं मला जास्त लागतं. सनदेच्या पहिल्या मसुद्यात त्यांना मत होतं असं सनद लिहिणाऱ्या विल्यम लव्हेट यांनी स्वतः लिहिलंय. पुरुषांचा हक्क लांबेल या भीतीने ते काढलं. सह्या बायकांनीही केल्या, आणि पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं 1928 ला. त्या मुलीला हे जरूर सांगा.