मदत हवी आहे : 'नो इम्प्रूव्हमेंट' कधी निवडायचं, पोरींना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात, अभ्यासिकेत एसएससी सीजीएलची (केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीधरांची परीक्षा) तयारी करणाऱ्या मुलींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. सगळ्या मराठी माध्यमाच्या, गणितात तरबेज. घोडं अडतं ते वाक्यसुधारणेच्या प्रश्नांवर. त्यात वाक्याचा अधोरेखित भाग बदलायचा, की 'नो इम्प्रूव्हमेंट' म्हणजे 'बदल नको' हा पर्याय निवडायचा, ते ठरवायचं असतं.

उदाहरण देते. 'व्हेन ही विल कम, आय विल गो' यात 'विल कम' अधोरेखित असतं. 'तो येईल तेव्हा मी जाईन' हे आपल्याकडे अगदी बरोबर, त्यामुळे कानाला काहीच खटकत नाही. तिथं 'कम्स' हवं हा नियम त्यांना तोंडपाठ आहे, पण वाक्य समोर आलं की 'नो इम्प्रूव्हमेंट'वर क्लिक होतं. याउलट 'नो सूनर हॅड ही रीच्ड दॅन द ट्रेन लेफ्ट' हे चांगलं धडधाकट वाक्य. त्यातला उलटा शब्दक्रम बघून त्या बिचकतात आणि नको ते बदलतात.

टियर 1 ला, म्हणजे पहिल्या टप्प्यात, 100 प्रश्न, 60 मिनिटं. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं की अर्धा वजा. रेंगाळायला सवड नाही.

ज्यांनी मराठी माध्यमातून ही परीक्षा काढली, त्यांनी कृपया सांगा: आधी पर्याय बघायचे की क्रियापद आणि काळ तपासायचा? कान तयार व्हायला रोज काय वाचायला द्यावं? नुसती नियमांची पुस्तकं सुचवू नका, ती ढीगभर आहेत. पोरी फार जीव तोडून अभ्यास करतायत हो.