शब्दचर्चा: भांडवलशाही गुलामगिरीवर ‘उभी राहिली’ की तिला ‘हातभार लागला’?

मृण्मयी:
‘आधुनिक भांडवलशाही गुलामगिरीवर उभी राहिली’ हे वाक्य मराठीत सर्रास दिसतं. इतिहासकारांच्या मांडणीशी ते जुळतं का?

दप्तरदार:
आधी दावे सुटे करा. त्रिनिदादचे इतिहासकार एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली दोन गोष्टी मांडल्या. गुलामांचा व्यापार आणि कॅरिबियन ऊसमळे यांच्या नफ्यातून ब्रिटनच्या औद्योगिक क्रांतीला भांडवल मिळालं, ही पहिली. मळ्यांचं महत्त्व ओसरल्यामुळे १८०७ची व्यापारबंदी आणि १८३३चा गुलामगिरीबंदीचा कायदा शक्य झाला, ही दुसरी. पहिलीसाठी ‘हातभार लागला’ हेच नेमकं. हा एकमेव पाया होता असं विल्यम्सही म्हणत नाहीत. दुसरी इतिहासकार सेमूर ड्रेशर यांनी १९७७ मध्ये खोडून काढली: १८०७ मध्ये मळ्यांचा धंदा उतरणीला लागलेलाच नव्हता. तेव्हा ‘विल्यम्स चुकले’ असं लिहिताना कोणत्या दाव्याबद्दल, ते सांगा.

‘नफा’ शब्दही जपून वापरा. आर्थिक इतिहासकार स्टॅनली एंगरमन यांनी दाखवलं की गुलाम-व्यापाराचा नफा राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने लहान होता. जोसेफ इनिकोरी यांचा भर नफ्यावर नाहीच. अटलांटिक व्यापाराने ब्रिटिश मालाला बाजारपेठ आणि गिरण्यांना कच्चा माल दिला, असं ते म्हणतात. मला हा मुद्दा जास्त भक्कम वाटतो.

अर्थवेध:
अमेरिकी कापसाबाबत आकड्यांत मोठी गफलत होते. इतिहासकार एडवर्ड बॅप्टिस्ट यांनी २०१४ मध्ये १८३६च्या अर्थव्यवस्थेतला जवळजवळ निम्मा वाटा कापसाशी जोडला. कापसाचा थेट वाटा ५ टक्क्यांच्या आसपास. कापसाच्या किमतीत जमीन, अवजारं, अन्न यांचा खर्च आधीच धरलेला असतो. तो पुन्हा मिळवला की तीच रक्कम दोनदा मोजली जाते. निर्यातीचा आकडा मात्र खरोखर मोठा: १८६० मध्ये अमेरिकेच्या निर्यातीपैकी निम्म्याहून जास्त कापूस होता. ‘उत्पन्न’ आणि ‘निर्यात’ यांची अदलाबदल करू नका.

वेचणीचंही तसंच. १८०१ ते १८६२ दरम्यान माणशी वेचणी सुमारे चौपट झाली. बॅप्टिस्ट याचं कारण चाबूक मानतात. आर्थिक इतिहासकार ओल्मस्टेड आणि ऱ्होड सोप्या वेचणीच्या नव्या वाणांकडे बोट दाखवतात. वाणांचा पुरावा मान्य केला म्हणून चाबूक कमी क्रूर ठरत नाही.

‘उभी राहिली’ला आणखी एक अडचण: १८६५ नंतर गुलामगिरी गेली, तरी १८८०च्या सुमारास अमेरिकेचं कापूसपीक यादवी युद्धापूर्वीच्या पिकाच्या पुढे गेलं.

मृण्मयी:
मग गुलामांना ‘वेठबिगार’ म्हणता येईल?

दप्तरदार:
नको. वेठीला धरलेल्याकडून सक्तीने काम घेत, पण तो विकला जात नसे. मळ्यावरचा गुलाम तारण ठेवून मालक कर्ज काढी, आणि वर्षअखेरीच्या हिशेबवहीत त्याची किंमत मांडली जाई. १८३३च्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना काहीही नाही. म्हणून माणूस इथे मजूरही होता आणि भांडवलही. पेशवाईतल्या कुणबिणी, बटकी (गुलाम स्त्रिया) याही विकल्या जात, पण त्यांच्या श्रमातून परदेशी बाजारासाठी पीक निघत नव्हतं.

शिवाय जोतीराव फुल्यांनी १८७३चं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केलं, पण पुस्तकाचा विषय ब्राह्मणी वर्चस्व आहे. मराठी वाचकाच्या कानाला तो व्यापक अर्थ आधी येतो; त्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘अटलांटिक मळ्यांवरची गुलामगिरी’ असं पूर्ण लिहा.