दर दहावा नमुना उचलला की झालं?

गच्चीवरचा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "आरटीएल डाँगलच्या (संगणकावर रेडिओ ऐकायची यूएसबी पट्टी) नमुन्यांतला, म्हणजे सिग्नलच्या मोजमापांतला, दर दहावा उचला, फिल्टर शेवटी ऑडिओला लावा, कानाला कळत नाही." कळतं! सेकंदाला 2.4 मेगा (24 लाख) नमुन्यांवरून 240 किलोवर (2.4 लाख) येताना आधी फिल्टर नसेल, तर 700 किलोहर्ट्झ पलीकडचं स्टेशन दुमडून केंद्रापासून 20 किलोहर्ट्झवर येऊन बसतं. एकदा मिसळलं की कुठलाही फिल्टर ते वेगळं करत नाही. नवी मुलं असलं वाचून अँटेना बदलत बसतात!

दर दहावा: मीच लिहिलं. माझ्या जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फिल्टरला 300 टॅप (दर नमुन्याला तेवढे गुणाकार) लावले की आवाज तुटतो. पुस्तकी शुद्धता तुम्हाला लखलाभ.

गच्चीवरचा: जे नऊ नमुने फेकायचेत त्यांच्यासाठी गुणाकार करता कशाला? पॉलिफेज करा, म्हणजे ठेवायच्या नमुन्यांपुरताच फिल्टर चालवा. आय आणि क्यू (सिग्नलचे दोन भाग), प्रत्येकी सेकंदाला 72 कोटींऐवजी 7.2 कोटी गुणाकार.

व्हीएचएफवेडा: हे सगळं नंतरचं. खरी बोंब डाँगलच्या तोंडाशी. एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी चिप, फक्त आठ बिटांची. पुण्यात विविध भारतीचं 101 मेगाहर्ट्झ इतकं जोरात घुसतं की 137 मेगाहर्ट्झवरचा मिटिऑर हा रशियन हवामान उपग्रह डोक्यावर असूनही चित्र फाटतं. एफएमचा पट्टा अडवणारा बँडस्टॉप फिल्टर लावला, गेन (सिग्नल वाढवणं) उतरवला, तेव्हा कुठे चित्र आलं. अमेरिकेच्या नोआचे हवामान उपग्रह 2025 मध्ये बंद होईपर्यंत मी प्रत्येकाला हेच सांगत होतो, कुणी ऐकलं नाही.

दर दहावा: बघा! हार्डवेअरच महत्त्वाचं.

गच्चीवरचा: विषय फिरवू नका. ओव्हरलोड (जोरदार स्टेशनने एडीसी भरून जाणं) वेगळा, दुमडणं वेगळं. ज्याला एफएमच ऐकायचंय तो 88 ते 108 मेगाहर्ट्झ दाबून काय ऐकणार?

व्हीएचएफवेडा: मी उपग्रहाबद्दल बोलतोय. आधी नीट वाचा, मग अंगावर या.

तिरकी ओळ: आणि ज्या ऑडिओतून नोआचं चित्र निघायचं, त्याचं कोण बघणार? सेकंदाला 48000 नमुन्यांवरून 11025 वर म्हणजे 147/640 पट. लोक तिथे दोन नमुन्यांमध्ये सरळ रेघ ओढायचे आणि नोआचं चित्र खरखरीत आलं की उपग्रहाला दोष द्यायचे. चित्र तिरकं आलं तर मात्र फिल्टरला हात लावू नका, तो नमुने मोजणाऱ्या घड्याळाचा फरक. माझ्या कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या.

दर दहावा: पॉलिफेज लावलं. आवाज तुटत नाही, मागचं कुजबुजणारं स्टेशनही गेलं. हे मान्य. पण 300 टॅप हट्टच आहे, 90 मध्ये भागतं.

गच्चीवरचा: नाही भागत. 100 किलोहर्ट्झपर्यंत जपायचं आणि 140 च्या आत 60 डेसिबल पाडायचं, तर साधारण 165 टॅप लागतात. 300 नकोत, एवढं तुमचं खरं.